राक्षस शब्दाचा धातू आणि दसऱ्याचं भांडण

दसरा जवळ आला की विदर्भात एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो. रावणाचा पुतळा जाळायचा की नाही? आदिवासी संघटना तहसीलदारांना निवेदन देतात की रावण आमचं दैवत आहे, त्याला जाळू नका. समोरून उत्तर येतं की रावण राक्षस होता, राक्षसाला जाळण्यात गैर काय? आणि इथून गाडी रावणावरून उतरते ती थेट ‘राक्षस’ या शब्दावर जाऊन थांबते. एक जण ठासून सांगतो, राक्षस म्हणजे रक्षण करणारा, जंगलाचा राखणदार. दुसरा तेवढ्याच जोरात सांगतो, राक्षस म्हणजे ज्याच्यापासून आपलं रक्षण करावं लागतं तो, अंधारात हिंडणारा निशाचर. तिसरा दोघांनाही झिडकारतो : राक्षस नावाचं काही नव्हतंच, मग भांडता कशाला? मारोतीच्या पारावर, शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत, मोबाइलवरच्या गावगटात हेच तीन आवाज ऐकू येतात. तिघांपैकी कुणीही दुसऱ्याचं ऐकून घेत नाही.

माझं मत आधीच सांगतो. शब्दाच्या उगमावरून हा वाद कधीच सुटणार नाही, कारण दोन्ही बाजूंच्या हातात जुने आणि खरे आधार आहेत. पण त्या शब्दाचा पुढचा प्रवास नीट वाचला तर एक गोष्ट लख्ख दिसते. रात्रीच्या भीतीला दिलेलं नाव जिवंत माणसावर लावलं गेलं की अन्याय होतो, आणि हे आपल्या सगळ्यात जुन्या ग्रंथालाही ठाऊक होतं. म्हणून ज्या गावात शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यात रावण किंवा मेघनाद आहे, त्या गावाने त्याचा पुतळा जाळणं स्वतःहून सोडून द्यावं. सरकारी बंदीने हे होऊ नये, गावाच्या संमतीने व्हावं.

आधी धातूचं, म्हणजे शब्दाच्या मुळाचं बघू, कारण सगळा आवाज त्याचाच आहे. वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या यास्काने निरुक्तात ‘रक्षस्’ (म्हणजेच राक्षस) या शब्दाची व्युत्पत्ती दिली आहे आणि ती एक नाही, तीन आहेत. ‘रक्षितव्यम् अस्मात्’, म्हणजे ज्याच्यापासून राखायचं तो. ‘रहसि क्षणोति’, म्हणजे जो एकांतात घात करतो तो. ‘रात्रौ नक्षते’, म्हणजे जो रात्री फिरतो तो. या तिन्हींना यास्काने ‘वा’ या शब्दाने जोडलं आहे. हे किंवा ते किंवा ते. जवळपास अडीच हजार वर्षांपूर्वी, वैदिक भाषेच्या इतक्या जवळ बसलेल्या माणसाला जिथे ‘किंवा’ म्हणावंसं वाटलं, तिथे आपण कुठल्या बळावर छातीठोकपणे एकच अर्थ सांगतो? दुसरी बाजूही रिकाम्या हाताची नाही. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात कथा आहे की ब्रह्मदेवाने आधी पाणी निर्माण केलं आणि मग त्या पाण्याच्या राखणीसाठी प्राणी निर्माण केले. त्यातले काही म्हणाले ‘रक्षामः’, आम्ही राखू. ते राक्षस झाले. दुसरे म्हणाले ‘यक्षामः’, ते यक्ष झाले. (आपल्याकडची जखीण ही याच यक्षाच्या घरातली, यक्षिणी.) महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त राक्षसांना रक्षक म्हटलं, तेव्हा त्यांनी इतिहासाची मांडणी पार उलटी केली हे खरं, पण राक्षस म्हणजे राखणारे हा अर्थ परंपरेतही आधीपासून होता. तेव्हा ‘रक्षक’ हा अर्थ काल-परवा कुणी राजकारणासाठी काढला, हा आरोप टिकत नाही. तसाच ‘निशाचर’ हा अर्थ कुणी द्वेषाने चिकटवला, हाही टिकत नाही. दोन्ही अर्थ आपल्याच घरातले आहेत.

आणि समजा, उद्या एखाद्या पंडिताने निर्विवाद सिद्ध केलं की मूळ अर्थ अमुकच, तरी काय बदलेल? शब्द जन्मखुणेला बांधलेले राहत नाहीत. स्मृतिग्रंथांत ‘साहस’ हा गुन्ह्याचा प्रकार आहे, बळजोरीने केलेलं दुष्कृत्य. आज आपण मुलाच्या साहसाचं कौतुक करतो. ऋग्वेदात ‘असुर’ हे वरुणासारख्या देवांचं मानाचं विशेषण आहे, पुढे तेच देवांच्या शत्रूचं नाव झालं. तिकडे इराणात याच्या नेमकं उलट घडलं. अहुर पूज्य राहिला आणि ‘दएव’ म्हणजे आपला देव, तो दुष्ट ठरला. शेजारी राहणाऱ्या, एकाच मुळाची भाषा बोलणाऱ्या दोन समाजांनी एकमेकांचे देव असे उलटेपालटे केले. यातून कुणाचा देव खरा हे ठरतं का? फक्त एवढं कळतं की देव आणि दानव यांची नावं ठरवताना कोण कुणाशी भांडत होतं याचा वाटा फार मोठा असतो.

‘राक्षस म्हणजे वाईटच’ असं समजणाऱ्यांनी आपलेच ग्रंथ पुन्हा उघडून पाहावेत. अमरकोशाने रक्षस्, पिशाच आणि भूत यांना विद्याधर, अप्सरा, गंधर्व यांच्याच पंक्तीत बसवून सगळ्यांना ‘देवयोनी’ म्हटलं आहे. त्याच कोशात राक्षसाच्या पर्यायी नावांत रात्रिंचर आहे, जादूटोणा करणारा यातुधान आहे, कच्चं मांस खाणारा क्रव्याद आहे आणि ‘पुण्यजन’ही आहे. हनुमान रात्री लंकेत शिरतो तेव्हा पहाटेच्या आधी त्याच्या कानावर काय पडतं? सहा अंगांसह वेद जाणणाऱ्या ब्रह्मराक्षसांचा वेदघोष. बिभीषण राक्षस आहे. घटोत्कच राक्षस आहे, हिडिंबेचा मुलगा, पांडवांचा थोरला पुत्र. द्रोणपर्वातल्या रात्रीच्या युद्धात, निशाचराचं बळ अंधारात वाढतं म्हणूनच त्याला पुढे केलं जातं. कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती तो स्वतःवर घेतो आणि मरतो. व्यासाला आणि वाल्मीकीला राक्षसांत चांगले-वाईट दिसत होते. ते वेगळेपण आपण पुसून टाकलं आणि वर परंपरा राखल्याचं समाधान मानतो.

आता विरुद्ध बाजूचे खरोखर वजनदार मुद्दे. पुतळा जाळणाऱ्या माणसाच्या मनात त्या वेळी कुणी गोंड किंवा कोरकू नसतो, तो अहंकार आणि परस्त्रीहरण जाळत असतो. हे मी मान्य करतो. वाल्मीकीचा रावण हा पुलस्त्याचा नातू आणि विश्रव्याचा मुलगा आहे, जन्माने ऋषिकुळातला. त्याला सरळ आदिवासी राजा म्हणायला त्या ग्रंथात आधार नाही, हेही मान्य. राक्षस म्हणजे जंगलातल्या जमाती, हे समीकरण एकोणिसाव्या शतकात वंशांच्या सिद्धांतांनी भारावलेल्या अभ्यासकांनी फार पुढे नेलं आणि त्याला तेव्हाही ठोस पुरावा नव्हता. शिवाय आदिवासी समाज एका आवाजात बोलत नाही. रामाला हात जोडणारी गोंड घरं विदर्भात कितीतरी आहेत, आणि गावचा रावणदहनाचा कार्यक्रम बघायला लेकरंबाळं घेऊन येणारी आदिवासी कुटुंबंही आहेत. संघटनेचं निवेदन हेच सगळ्यांचं मत, असं म्हणणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

एवढं सगळं मान्य करूनही पुतळ्याचा प्रश्न तसाच उरतो. श्रद्धेला वंशावळीचा दाखला लागतो का? अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यात सांगोळा नावाचं गाव आहे. तिथे रावणाची दगडी मूर्ती आहे आणि गाव तिची पूजा करतं. मेळघाटात होळीनंतर कोरकूंची मेघनाथाची (म्हणजे मेघनादाची) जत्रा भरते, काटकुंभची जत्रा त्यासाठी प्रसिद्ध आहे. उंच खांब उभा राहतो, नवस फेडले जातात. या लोकांनी आधी वाल्मीकी रामायणाशी आपला संबंध सिद्ध करावा आणि मगच हात जोडावेत, असं आपण म्हणू शकतो का? शेगावहून पंढरपूरला निघालेल्या पालखीतल्या वारकऱ्याला आपण विठ्ठलाच्या मूर्तीचा शिलालेख मागत नाही. मागूही नये. मग काटकुंभच्या माणसालाच कागद का मागायचा? आणि जाळणाऱ्याच्या मनात काय होतं, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. ज्याच्या दैवताचा पुतळा पेटतो त्याच्या घरातलं पोर ते बघत असतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला कुणीतरी ‘राक्षसाच्या’ म्हणून हाक मारतं. तिथे शब्द पुतळ्यावरून उतरून त्या पोरावर आलेला असतो.

हे उतरणं किती जुनं आहे, ते ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या १०४ व्या सूक्तात दिसतं. धातूंवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे सूक्त वाचावं असं मला कळकळीने वाटतं. वसिष्ठाचं हे सूक्त इंद्र आणि सोम यांना राक्षसांचा नायनाट करायला सांगतं. त्यात रात्रीची सगळी भीती आहे : रात्री घुबडासारखी अंग लपवून बाहेर पडणारी ती, पक्षी होऊन रात्री उडणारे ते, घुबडाच्या, कुत्र्याच्या, गिधाडाच्या रूपातले यातू, म्हणजे जादूटोणा करणारे. निशाचरांचं इतकं जुनं आणि इतकं जिवंत वर्णन आपल्याकडे क्वचितच असेल. आणि त्याच सूक्ताच्या मधोमध कवी एकदम स्वतःबद्दल बोलू लागतो. ‘अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि.’ मी यातुधान असेन तर आजच मला मरण येवो. मी कुणा माणसाच्या जिवाला ताप दिला असेल तर आजच मरेन. पण ज्याने मला खोटंच यातुधान म्हटलं, त्याचे दहा वीर त्याच्यापासून तुटोत. पुढच्या ऋचेत तो आणखी स्पष्ट बोलतो : मी यातू नसताना जो मला यातुधान म्हणतो, आणि स्वतः राक्षस असून जो ‘मी शुद्ध आहे’ म्हणतो, त्याला इंद्राने मारावं.

राक्षसांना मारा असं सांगणाऱ्या सूक्तातच, कुणीतरी मलाच राक्षस म्हटलं म्हणून एक माणूस शपथ घेऊन तळमळतो आहे. म्हणजे निशाचराची कल्पना आणि शेजाऱ्यावर निशाचर असल्याचा आळ या दोन गोष्टी आपल्या वाङ्मयात अगदी सुरुवातीपासून हातात हात घालून आलेल्या आहेत. शब्द कल्पनेतल्या प्राण्यासाठी घडतो, वापरला जातो तो माणसावर. तेव्हा वसिष्ठाला शपथ घ्यावी लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द या गावात भानामती, जादूटोणा करतात या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना आणि बायांना भर चौकात खांबांना बांधून गावाने मारलं. त्यांनी कुणाची शपथ घेतली असती तर गावाने ऐकलं असतं? पुतळा जाळणं आणि माणूस बांधून मारणं या दोन गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही, त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण दोन्हीकडे रात्रीच्या भीतीचं नाव कुणावर तरी लावलेलं आहे. पुतळ्याच्या बाबतीत ते सणाच्या रूपाने येतं, चौकात ते काठी घेऊन येतं.

आपल्या कायद्याने ही गोष्ट ओळखली आहे. २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, भुताळी आहे, सैतान आहे असं भासवणं किंवा जाहीर करणं हा त्यात गुन्हा धरला आहे. भूत मानावं की नाही यात कायदा पडत नाही. ‘तू भूत आहेस’ असं माणसाला म्हणणं तो रोखतो. मला ही रेघ फार शहाणपणाची वाटते, आणि दसऱ्याच्या वादातही नेमकी हीच रेघ वापरता येईल.

आता तिसऱ्या आवाजाकडे, ज्याच्याशी माझी सर्वात जवळीक आहे आणि म्हणूनच सर्वात जास्त भांडण आहे. निशाचर नव्हतेच, हे शब्द आणि या गोष्टी शाळेतून, घरातून काढून टाका, म्हणजे अंधश्रद्धाही जाईल, असं काही विवेकवादी मित्र म्हणतात. अंधश्रद्धा जावी हे मलाही वाटतं. पण शब्द काढल्याने ती जाईल? विदर्भातली रात्र शब्दांमुळे भीतीदायक झालेली नाही. शेतीपंपाची थ्री फेज लाइन पाळीपाळीने दिवसा आणि रात्री येते. रात्रीची पाळी असली की ओलीत करायला शेतकरी बॅटरी घेऊन पांदणीने वावरात जातो. धुऱ्यावर साप असतो, तुरीत रानडुक्कर असतं, ब्रह्मपुरी-मूलकडे वाघ असतो. पीक उभं असताना जागलीला गेलेला माणूस मचाणावर रात्र काढतो, तो काही कल्पनेला घाबरत नाही. चकवा लागतो, म्हणजे ओळखीच्या शिवारात वाट सापडत नाही आणि माणूस तिथेच फिरत राहतो. हा अनुभव ज्याने घेतला त्याला ‘चकवा नसतो’ एवढं सांगून भागत नाही. तो का लागतो, अंधारात दिशेचं भान कसं सुटतं, हे सांगावं लागतं. महाभारताच्या आदिपर्वात चित्ररथ गंधर्व अर्जुनाला गंगेकाठी अडवतो आणि म्हणतो, संध्याकाळनंतरची वेळ यक्ष-गंधर्व-राक्षसांची आहे, माणसांची दिवसाची. अर्जुन विचारतो, समुद्र, हिमालयाचा पायथा आणि ही नदी रात्री किंवा दिवसा कुणाच्या मालकीची कशी असेल? रात्रीवर कुणाची मालकी नाही, हे उत्तर राक्षसाची गोष्ट सांगणाऱ्याच ग्रंथात आहे. ती गोष्टच मुलांपर्यंत पोचू दिली नाही तर अर्जुनाचा प्रश्न कुठून पोचणार? आपल्याच मातीतल्या गाडगेबाबांनी लोकांच्या बोलीत, लोकांना प्रश्न विचारत रात्र-रात्र कीर्तन केलं आणि अंधश्रद्धेवर घाव घातले. लोकांचे शब्द त्यांनी लोकांकडून काढून घेतले नाहीत.

शब्द पुसले तर त्यांच्यात साठलेला पुरावाही पुसला जातो, आणि तो पुरावा बहुतेक वेळा दुबळ्याच्या बाजूचा असतो. ‘पैशाची’ ही एक प्राकृत भाषा होती. हेमचंद्राने बाराव्या शतकात तिचं व्याकरण लिहिलं आहे. सातवाहनाच्या दरबारातल्या गुणाढ्याने बृहत्कथा याच भाषेत रचली अशी परंपरा आहे. कथासरित्सागरात येणारी हकिगत अशी की गुणाढ्य विंध्याच्या रानात जाऊन ही भाषा शिकला, त्याने तिच्यात प्रचंड ग्रंथ लिहिला, आणि राजाने तो नाकारला, कारण भाषा पिशाचांची. मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकत गेला. दंतकथा म्हणून सोडून देऊ, पण व्याकरण असलेली भाषा भुतं बोलत नाहीत, माणसंच बोलतात. मग ही माणसं पिशाच कशी झाली? रानाच्या त्या बाजूला राहणारी, आपल्याला न कळणारी बोली बोलणारी, म्हणून. आज मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी बोलणारं मूल पहिलीत बसतं, तेव्हा त्याची भाषा गुरुजींना येत नसेल तर ते मूल अडाणी ठरतं. ‘पैशाची’ या शब्दाचा इतिहास माहीत असलेला शिक्षक तसं म्हणण्याआधी थांबेल, असा माझा विश्वास आहे.

राहिला प्रश्न दसऱ्याचा. महाराष्ट्रातला जुना दसरा सीमोल्लंघनाचा, आपट्याच्या सोन्याचा, शमीच्या आणि शस्त्रांच्या पूजेचा. रावणदहन हिंदी पट्ट्यातल्या रामलीलेसोबत इकडे आलं. ते बाहेरून आलं म्हणून बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण बाहेरून आलेल्या कितीतरी गोष्टी आज आपल्या आहेत. पण ते नसेल तर दसरा अपुरा राहतो, हा दावा खरा नाही. वाईटाला गावाबाहेर घालवायची आपली स्वतःची रीतही आहेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे वाईटाचा पुतळा, निघते, काळी १८८१ पासून. पूर्व विदर्भातल्या खेड्यांतही पोरं ओरडत जातात, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’. खोकला, रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, जे गावाला छळतं त्याचं नाव घेऊन ते हाकललं जातं. मारबतही बाईचंच रूप आहे आणि कुणी तिला पूतना म्हणतं, याचाही कधीतरी विचार व्हायला हवा. तरी निदान तिथे दरवर्षी गाव स्वतःला विचारतं की यंदा आपल्याला काय छळतंय.

कायद्याने बंदी आणली तर काय होईल ते सहज दिसतं. पुतळा ही इरेची गोष्ट होईल, आणि ज्या गावात कुणाच्या लक्षातही नव्हतं तिथे बंदोबस्तात रावण जळेल. त्यापेक्षा ग्रामसभा हा चांगला रस्ता आहे. धारणी, चिखलदरा, धानोरा, कोरची अशा अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने लोकांच्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाच आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं म्हटलं आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायची पद्धत जिद्दीने चालवली. सर्वसहमतीचा अर्थच असा की एका घराला टोचत असेल तर बाकीच्या गावाने बसून ऐकायचं. सपाटीवरच्या, मिश्र वस्तीच्या गावांना पेसा लागू नाही, पण बसून ऐकायला कुठलाही कायदा लागत नाही. भाद्रपद संपायच्या आत अशी एक सभा बोलवावी. सभेत धातूचं नाव काढू नये. ज्यांच्या घरी मेघनाथाचा नवस आहे त्यांना आधी बोलू द्यावं, मग ज्यांना दहन हवं आहे त्यांना. रामाची गोष्ट त्या वर्षीही सांगावी, पूर्ण सांगावी, बिभीषणासह आणि लंकेतल्या पहाटेच्या वेदघोषासह. शाळेने त्याच आठवड्यात वरच्या वर्गांना सातव्या मंडलातली ती एक ऋचा अर्थासह शिकवावी, आणि ज्याच्यावर आळ आला तो माणूस काय म्हणत होता हे मुलांनाच विचारावं.